यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी डिचोलीकडचं एक कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं होतं. आजोबांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती आणि नातीने आपल्या पहिल्या पगारातून टेबल बुक केलं होतं. दोघांनी रोस्ट चिकन घेतलं. सोबत आलेलं यॉर्कशायर पुडिंग आजोबांनी ताटाच्या कडेला सरकवून ठेवलं. पुडिंग म्हणजे गोड, ते शेवटी खायचं. त्यांचं बघून नातीनेही तेच केलं. मी पलीकडच्या टेबलावर अडकले होते. परत आले तोवर दोन्ही पुडिंगं गार होऊन चिवट झाली होती आणि ग्रेव्हीचं भांडं तसंच भरलेलं होतं. ती पुडिंगं ट्रेमधून आत गेली तेव्हा मला फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हतीच. ताट ठेवताना 'हे गोड नाही, गरम असतानाच ग्रेव्ही ओतून खा' एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं.

मी मूळची गोव्यातल्या पेडण्याची, लग्नानंतर म्हापशाला. बार्देशातल्या एका ब्रिटिश-आयरिश रेस्टॉरंटमध्ये सोळा वर्षं फ्लोअरवर, म्हणजे वाढपाच्या कामावर आहे, त्यातली सात कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांची प्रमुख म्हणून. सुरुवातीला आमच्याकडे बहुतेक विलायती पर्यटकच यायचे. आता आपली माणसंही येतात, फोंड्याची, सावंतवाडीची, पुण्या-कोल्हापूरहून सुट्टीला आलेली. वाढदिवस असतो, लग्नाचा पंचविसावा असतो, मुलाला नोकरी लागलेली असते. पैसे चांगले मोजतात, पण विचारायला संकोचतात आणि मग मन न भरता उठतात. रोज टेबलाशी उभी राहून जे सांगते, ते इथे एकत्र सांगते.

पहिलं काम घरूनच करायचं, आदल्या दिवशी फोन. आमच्याकडे येणारे निम्मे लोक 'संडे रोस्ट'चं नाव ऐकून येतात आणि शनिवारी रात्री येऊन ते मागतात. रोस्ट हे रविवारी दुपारचं जेवण. मांसाचा मोठा तुकडा सकाळी ओव्हनमध्ये जातो, दुपारी कापला जातो आणि संपला की संपला. तेव्हा रोस्ट खायचं असेल तर रविवारी एक-दीडच्या सुमाराला पोहोचा आणि 'चार जणांचं रोस्ट बाजूला ठेवा' असं फोनवरच सांगा. साडेतीनला येणाऱ्याला आम्ही कडेचा सुका तुकडा वाढतो, आणि तो वाढताना आम्हालाही बरं वाटत नाही.

घरात कुणी शिवराक (शाकाहारी) असेल तर फोनवर आणखी विचारायचं आहे, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे. माझी मावशी पक्की शिवराक. काही वर्षांपूर्वी आम्ही किनाऱ्यालगतच्या एका दुसऱ्या ठिकाणी गेलो होतो. मेन्यूवर हिरवा ठिपका बघून तिच्यासाठी चिप्स (बटाट्याचे जाडसर तळलेले काप, वेफर्स नव्हेत) आणि मटारचं सूप मागवलं. अर्धे चिप्स खाऊन झाल्यावर मी सहज विचारलं, तर स्टुअर्ड म्हणाला, 'मासे तळतो त्याच तेलातले आहेत.' मावशी काही बोलली नाही. उठली, हात धुवून आली आणि आमचं जेवण होईपर्यंत नुसती बसून राहिली. तो दिवस मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, 'व्हेज आहे का' एवढ्या प्रश्नाने भागत नाही. तेल वेगळं आहे का, ते विचारा. भाजलेले बटाटे कशात भाजता, ते विचारा, कारण ते हंसाच्या किंवा गुरांच्या चरबीत भाजायची जुनी पद्धत आहे आणि त्यांच्या कुरकुरीतपणाचं श्रेय त्या चरबीलाच जातं. वाफवलेल्या पुडिंगमध्ये 'सुएट' असतं का, ते विचारा. गुराच्या किंवा मेंढ्याच्या गुर्द्याभोवतीच्या घट्ट चरबीला सुएट म्हणतात, आणि नाताळच्या ख्रिसमस पुडिंगमध्ये ते ठरलेलं असतं. ट्रायफल या थराथराच्या गोडातल्या जेलीत जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन असू शकतं. आणि वूस्टरशर सॉस! १८३७ पासून ली अँड पेरिन्स ही बाटली विकते आहे. त्यात आपली चिंच आहे, काकवीसारखं मोलॅसिस आहे, आणि मांदेलीच्या जातकुळीतला अँचोव्ही नावाचा मासाही आहे. ब्रेडवर चीज वितळवून केलेल्या वेल्श रेअरबिटमध्ये हा सॉस दोन-चार थेंब तरी पडतोच. आधी कळलं तर आमचा शेफ तो न घालता करून देतो. ताट समोर आल्यावर कळलं तर कुणालाच काही करता येत नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आणखी एक सांगायचं. तुमच्याकडे २०१५ पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे मेन्यूत ते शोधायची सवय उरलेली नाही. गोव्यात बीफ मिळतं आणि ब्रिटिश मेन्यूत ते नुसत्या 'पाय' या नावाखालीही असू शकतं. कॉटेज पाय म्हणजे बीफचा खिमा आणि वर बटाट्याचा थर. शेफर्ड्स पाय दिसायला अगदी तसाच, पण त्यात मेंढीचं मांस, कारण शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. ही एक खूण लक्षात ठेवली की गोंधळ होत नाही. तरीही विचाराच, कारण सगळीच स्वयंपाकघरं हा भेद पाळतात असं नाही. ग्रेव्ही कशाच्या रसाची आहे, हेही विचारायला विसरू नका. चिकनच्या ताटात बीफची ग्रेव्ही येऊ शकते.

नावांनी घाबरायचं नाही आणि नावांवर विश्वासही ठेवायचा नाही. 'रॅबिट'सारखं ऐकू आलं तरी रेअरबिटमध्ये ससा नसतो. 'टोड इन द होल'मध्ये बेडूक नसतो, यॉर्कशायर पुडिंगच्याच पिठात भाजलेले सॉसेज असतात. मिन्स पायमध्ये हल्ली खिमा नसतो, मनुका, सफरचंद आणि मसाले असतात, पण सुएट मात्र असू शकतं. उलट ब्लॅक पुडिंग हे डुकराचं रक्त आणि ओट्स घालून केलेलं जाड सॉसेज. आयर्लंडच्या न्याहारीतलं व्हाइट पुडिंग त्याचंच भावंड, त्यात रक्त नसतं. स्कॉटलंडच्या हॅगिसमध्ये मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस आणि ओट्स असतात. वजडी आवडीने खाणाऱ्यांनी ते जरूर मागवावं. आमच्याकडे २५ जानेवारीला, स्कॉटिश कवी बर्न्सच्या आठवणीतल्या बर्न्स नाइटला करतात आणि सावंतवाडीचे एक काका दरवर्षी त्याच्यासाठी येतात.

आता यॉर्कशायर पुडिंग. मैदा, अंडी, दूध आणि मीठ, एवढंच पीठ. धिरड्याच्या पिठाइतकं पातळ. खोलगट साच्यात चरबी किंवा तेल धूर येईपर्यंत तापवायचं, त्यात पीठ ओतायचं आणि ओव्हनचं दार वीस-पंचवीस मिनिटं उघडायचं नाही. आतल्या ओलाव्याची वाफ होते, कडा वर चढतात, मध्ये खळगा राहतो. बाहेर कुरकुरीत आणि तळाशी किंचित ओलसर असं ते वाटीच्या आकाराचं तयार होतं. हा खळगा ग्रेव्हीसाठी. पूर्वी यॉर्कशायरमधल्या घरांत मांस थोडं आणि खाणारी तोंडं जास्त असायची, म्हणून हे पुडिंग ग्रेव्हीबरोबर आधी वाढायचे, पोटाला आधार व्हायचा. तुम्ही काय करायचं? ताट आलं की पहिल्या मिनिटात ग्रेव्ही त्या खळग्यात ओता. कडेचा एक कुरकुरीत तुकडा मोडा, ग्रेव्हीत बुडवा, खा. मग मांसाकडे वळा. पाच-सात मिनिटं झाली की ते बसतं आणि दहा मिनिटांनी त्यात राम उरत नाही. मूळ जोडी बीफशी, पण आता चिकन किंवा लॅम्बसोबतही मिळतं. शिवराक पण अंडं खाणाऱ्यांसाठी आम्ही ते कांद्याच्या ग्रेव्हीसोबत देतो. आमचा शेफ म्हणतो, ताट त्याच्या हातातून निघाल्यापासून तुमच्या पहिल्या घासापर्यंतचा वेळ हाही स्वयंपाकाचाच भाग आहे. म्हणून विनंती करते, फोटो एकच काढा.

रोस्टसोबत छोट्या वाट्या येतात, त्या शोभेच्या नाहीत. 'फिकं आहे हो' अशी तक्रार बहुतेकदा त्या वाट्यांना हात न लावलेल्या टेबलावरून येते. लॅम्बबरोबर पुदिना-व्हिनेगरचा मिंट सॉस, पोर्कबरोबर सफरचंदाचा गोड-आंबट सॉस, बीफबरोबर हॉर्सरॅडिश. हे मुळ्याच्या कुळातलं तिखट मूळ आहे आणि त्याचा झणका जिभेऐवजी नाकात जातो. इंग्लिश मोहरीही तशीच. मूळच्या नॉर्विचच्या कोलमन्सची पिवळीधमक मोहरी १८१४ पासून निघते आहे. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं ना, तसंच तिचंही काम. चिमूटभर घ्यायची आणि मांसाच्या प्रत्येक तुकड्याला टेकवायची. आधी एक घास नुसता खाऊन बघा, मग हवं ते लावा. एवढं करूनही तिखट हवंसं वाटलं तर हिरवी मिरची मागा, आम्ही आनंदाने देतो. जेवणाऱ्याचं तोंड रंगलं पाहिजे.

भात नसतो. त्याची जागा बटाटा घेतो, आणि तो घटकाभर बघण्यासारखा विषय आहे. 'बटाटा' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. आयर्लंडमध्ये गरिबांचं सगळं जगणं या एका पिकावर उभं होतं. १८४५ मध्ये त्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षं पीक जमिनीतच कुजत राहिलं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगांनी मेली, तितक्याच लोकांनी देश सोडला. त्याच देशाने बटाट्याचे इतके प्रकार जिवापाड जपले आहेत. कोलकॅनन म्हणजे कोबी किंवा केल नावाची पालेभाजी घालून घोटलेला बटाटा, मधोमध लोण्याचं तळं. चॅम्पमध्ये पातीचा कांदा. बॉक्स्टी म्हणजे किसलेला कच्चा आणि उकडून घोटलेला बटाटा एकत्र करून तव्यावर केलेलं जाडसर धिरडं. उपासाची थालीपीठं आवडणाऱ्या आजीबाईंना मी हटकून बॉक्स्टी सुचवते (तिच्यात मैदा असतो, उपासाला चालणार नाही). आणि आयरिश स्ट्यू: मांस, बटाटा, कांदा, पाणी, मीठ, फार तर गाजर. ते मटणाचं असेल तर एक विचारा. विलायतेत मटण म्हणजे मेंढी, आपल्याकडे बोकड. चव वेगळी, शिजण्याचा वेळही वेगळा. आमच्याकडे बोकडाचं करतात आणि विचारलं की तसं सांगतो.

मासे खाणाऱ्यांनी पंचांग बघावं तसं महिन्याकडे बघावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हाच्या फिश अँड चिप्समध्ये फ्रोझन मासा असण्याची शक्यता जास्त. इंग्लंडमध्ये हा पदार्थ कॉड किंवा हॅडॉकचा. इथे हंगामात 'आज कोणता ताजा आहे' असं विचारा. चणक असेल तर डोळे मिटून घ्या. महाराष्ट्रात त्याला जिताडा म्हणतात. पांढरं, जाड पाकळीचं मांस, पिठाच्या आवरणाखाली वाफेवर शिजतं आणि काट्याने अलगद सुटतं. बांगडा तेलकट, तो या प्रकारात शोभत नाही. वरून माल्ट व्हिनेगर शिंपडायचं. ते बार्लीचं, आपल्या माडाच्या व्हिनेगरपेक्षा थोडं गोडसर आणि जड. चिप्स हाताने खाल्ले तरी कुणी काही म्हणत नाही.

हाताचा विषय निघालाच आहे तर सांगते. ब्रेड सुरीने कापायचा नाही, हातानेच मोडायचा. डावीकडची छोटी बशी तुमची, तिच्यात लोणी घ्या आणि एकेका तुकड्याला लावत खा. बाहेरच्या काटा-सुरीपासून सुरू करून आत यायचं. एवढ्यावर निभावतं. पण एक खूण मात्र नीट शिकून घ्या, कारण तिच्यावाचून माणसांची भरली ताटं उचलली गेलेली मी पाहिली आहेत. काटा आणि सुरी शेजारी-शेजारी, समांतर ठेवली की 'माझं झालं, ताट उचला'. तिरकी, एकमेकांपासून लांब ठेवली की 'मी अजून जेवतो आहे'. गप्पांत हात थांबतो, आपण सहज दोन्ही जवळ ठेवतो आणि नवीन पोरगा ताट घेऊन जातो. असं झालं तर लगेच हाक मारा. लाजायचं काय त्यात, जेवण तुमचं आहे.

ब्रेडचं म्हणाल तर आयरिश सोडा ब्रेड सोडू नका. त्यात यीस्ट नाही. कणीक, मीठ, खायचा सोडा आणि ताक. ताकाचं आम्ल सोड्याला भेटलं की वायू सुटतो आणि पीठ फुगतं, म्हणून कालवल्यावर वेळ न घालवता भट्टीत टाकावं लागतं. वर सुरीने क्रूस पाडतात, त्यामुळे मधला भागही नीट भाजतो. आमच्या किचनमध्ये तो अकराच्या सुमाराला निघतो आणि त्याचा वास मला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीशी नेतो. पोई हा कोंड्याचा पाव खाऊन वाढलेल्या माणसाला हा ब्रेड परका वाटतच नाही. गरम असताना खारं लोणी लावा, जवळ स्मोक्ड सामन असला तर उत्तम, नसला तरी चालेल.

किती मागवायचं? आपल्या पद्धतीने सगळं मध्ये ठेवून वाटून खायला काहीच हरकत नाही, फक्त ऑर्डर देतानाच सांगा. किचन आधीच भाग करून देतं, ताटं गरम राहतात. चार जणांना दोन स्टार्टर, तीन मेन, एक जास्तीचा बटाटा आणि दोन गोड पुरतात. मी नेहमी याच हिशेबाने सुचवते. सगळं एकदम मागवू नका. गोडाचं मेनच्या अर्ध्यावर सांगा, कारण काही पुडिंगांना वीस मिनिटं लागतात.

पिणाऱ्यांसाठी फार लांबण लावत नाही. स्टाउट ही काळी बिअर ग्लासात दोन टप्प्यांत ओततात, ओतणारा मध्ये थांबलेला दिसला तर विसरला असं समजू नका. स्टिल्टन चीजबरोबर पोर्ट घ्या. स्टिल्टन इंग्लंडच्या फक्त तीन परगण्यांत, डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशरमध्ये करता येतं. पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, आणि १७०३ च्या इंग्लंड-पोर्तुगाल करारानंतर पोर्तुगीज वाइनवरचा कर कमी झाल्याने इंग्रजांना तिची गोडी लागली. आयरिश कॉफी मात्र माझी आवडती. १९४० च्या दशकात फॉइन्स या बंदरात, समुद्री विमानांतून थंडीने कुडकुडत उतरलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन या शेफने ती केली. गरम कॉफी, साखर, आयरिश व्हिस्की, आणि चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलेलं साईचं थर. साखर चवीपुरती असते तशी ती साय तरंगायलाही मदत करते. चमच्याने ढवळू नका. गार सायीतून गरम कॉफी ओठांना लागली पाहिजे.

न पिणाऱ्यांनी दुपारचा चहा घ्यावा. तोही दूध घातलेला. १६६२ मध्ये पोर्तुगालची कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून गेली. मुंबई तिच्या हुंड्यात गेली हे आपण शाळेत शिकलो. चहाची आवड तिने तिकडच्या दरबारात रुजवली, ते मात्र कुणी सांगत नाही. चहासोबत स्कोन, म्हणजे छोटा पावासारखा केक येतो. डेव्हनवाले आधी साय लावतात, मग जॅम. कॉर्नवॉलवाले नेमकं उलट. मी आधी जॅम लावते, साय घसरत नाही.

गोडात खजुराचं स्टिकी टॉफी पुडिंग मागवा. मधुमेह असलेल्यांनी एका पुडिंगला चार चमचे मागावेत, तेवढ्यात समाधान होतं.

बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी, आणि खोलीचं भाडं ७५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. दारूवर जीएसटी नाही, तिथे राज्याचा व्हॅट. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे निर्देश दिले आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. लावलेला दिसला तर काढायला सांगा, आणि सेवा आवडली असेल तर रोख द्या. टेबलावर तुम्हाला दिसत नाही ती भांडी घासणारी मंडळीही त्यात वाटेकरी असतात, निदान आमच्याकडे तरी.

उरलेलं बांधून मागायला संकोच करू नका. फिश अँड चिप्स आणि यॉर्कशायर पुडिंग मात्र जागीच संपवा, डब्यात त्यांचा लगदा होतो. स्ट्यू दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. भाजलेले बटाटे बिडाच्या तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करा. सोडा ब्रेडचे जाड काप करून त्याच तव्यावर साजूक तूप सोडून दोन्हीकडून लालसर भाजा. सकाळच्या चहाबरोबर माझ्या सासूबाई तो तसाच खातात, आणि शनिवारी रात्री मला आठवण करतात की उद्या येताना घेऊन ये.